दोन बाणांचं गणित: रासायनिक समतोलात अभिक्रिया खरंच थांबते का?

दहावीपर्यंत रसायनशास्त्रातला बाण एकाच दिशेला जातो. डावीकडचे पदार्थ संपतात, उजवीकडचे तयार होतात, समीकरण संतुलित केलं की दोन मार्क पदरात पडतात. अकरावीला मात्र अचानक दोन बाण समोर येतात, एक पुढे जाणारा आणि एक मागे येणारा. इथेच अनेक मुलांची गाडी अडते.

सीमाभागातल्या मुलांची अडचण तर दुहेरी असते. मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला सायन्स घेतलं की पुस्तक एकदम इंग्रजी होतं आणि प्रकरणाचं नाव ‘इक्विलिब्रियम’. महाराष्ट्रात त्याच गोष्टीला समतोल म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी पुस्तकात ती साम्यावस्था होते, तर वडोदऱ्याच्या गुजराती माध्यमात संतुलन. शब्द चार, पण या चारही शब्दांत ‘सम’ किंवा ‘सारखं’ असा अर्थ दडलेला आहे आणि घोटाळाही तिथूनच सुरू होतो. नेमकं काय सारखं झालं, हे शब्द सांगत नाही.

बहुतेक मुलं दोनपैकी एक समजूत करून घेतात. पहिली, समतोल आला म्हणजे अभिक्रिया थांबली. दुसरी, समतोल आला म्हणजे दोन्ही बाजूंचे पदार्थ निम्मे-निम्मे झाले. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. समतोलात फक्त एकच गोष्ट सारखी होते, ती म्हणजे पुढे जाणाऱ्या आणि मागे येणाऱ्या अभिक्रियांचा वेग. हे एक वाक्य पक्कं झालं की प्रकरणाचा बाकी भाग त्यातूनच उलगडत जातो.

मागे येणारा बाण कुठून आला?

मोरचुदाचे निळे खडे शेतकऱ्यांच्या ओळखीचे. बोर्डो मिश्रणासाठी द्राक्षबागेत आणि सुपारीच्या बागेत ते लागतातच. हे खडे परीक्षानळीत तापवले की पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी उरते. त्या भुकटीवर पाण्याचे चार थेंब टाकले की निळा रंग परत येतो आणि नळी गरमही लागते. एकच बदल दोन्ही दिशांनी घडवता आला. अशा अभिक्रियेला व्युत्क्रमी अभिक्रिया म्हणतात. हिंदी पुस्तकात उत्क्रमणीय आणि इंग्रजीत रिव्हर्सिबल.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्याही लवकर लक्षात आली नव्हती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लोद बर्तोले १७९८ च्या मोहिमेत नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले होते. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी त्यांना सोडिअम कार्बोनेटचे थर साचलेले दिसले. प्रयोगशाळेत सोडिअम कार्बोनेट आणि कॅल्शिअम क्लोराईड एकत्र केलं की चुनखडी आणि मीठ तयार होतं, हे त्यांना माहीत होतं. तळ्याकाठी मात्र उलटं घडलेलं होतं. मीठ आणि चुनखडी यांच्यातून सोडिअम कार्बोनेट बनलं होतं. पदार्थ कोणते आहेत एवढंच बघून चालत नाही, ते किती आहेत यावरही अभिक्रियेची दिशा ठरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे या दोघांनी त्याला गणिताचं रूप दिलं.

दोन हौदांचा हिशेब

कोगनोळी नाक्यावर उभं राहून गाड्या मोजल्या तर काय दिसेल? समजा, तासाला जेवढ्या गाड्या निपाणीकडे गेल्या तेवढ्याच कोल्हापूरकडे आल्या. मग दोन्हीकडच्या गाड्यांची एकूण संख्या बदलणार नाही. पण म्हणून रस्ता काही रिकामा झालेला नसतो. वाहतूक चालूच आहे, फक्त हिशेब जुळतो आहे.

आता हेच आकड्यांत पाहू. अ आणि ब असे दोन हौद घ्या. अ मध्ये १०० लिटर पाणी आहे, ब रिकामा. दर मिनिटाला अ मधल्या पाण्याचा २० टक्के भाग ब मध्ये जातो आणि त्याच वेळी ब मधल्या पाण्याचा ५ टक्के भाग अ मध्ये परत येतो. नियम एवढाच.

- सुरुवातीला: अ १००, ब ०
- १ मिनिटानंतर: अ ८०, ब २०
- २ मिनिटांनंतर: अ ६५, ब ३५
- ३ मिनिटांनंतर: अ सुमारे ५४, ब सुमारे ४६
- ५ मिनिटांनंतर: अ ३९, ब ६१
- १० मिनिटांनंतर: अ साडेचोवीस, ब साडेपंचाहत्तर
- २० मिनिटांनंतर: अ जवळपास २०, ब जवळपास ८०

यापुढे कितीही वेळ थांबा, आकडे २० आणि ८० वरच राहतात. पाणी थांबलं का? नाही. अ मधल्या २० लिटरचे २० टक्के म्हणजे ४ लिटर दर मिनिटाला ब कडे जातात. ब मधल्या ८० लिटरचे ५ टक्के म्हणजे तेही ४ लिटरच, ते अ कडे येतात. चार गेले, चार आले. बाहेरून बघणाऱ्याला सगळं शांत दिसतं, आत मात्र ये-जा चालूच असते. म्हणूनच पुस्तक याला गतिक समतोल, म्हणजे ‘डायनॅमिक इक्विलिब्रियम’ म्हणतं.

या छोट्या हिशेबातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, पाण्याची पातळी सारखी झाली नाही, सारखा झाला तो जाण्या-येण्याचा वेग. दुसरी, सुरुवातीला सगळं १०० लिटर ब मध्ये भरलं असतं तरी शेवट २० आणि ८० वरच झाला असता, म्हणजे समतोलाला दोन्ही बाजूंनी पोचता येतं. तिसरी, ब आणि अ यांचं गुणोत्तर ४ आलं आणि २० टक्के भागिले ५ टक्के हेही ४ च. म्हणजे शेवटचं प्रमाण दोन वेगांच्या नियमांवर ठरतं. या ४ चं रसायनशास्त्रातलं नाव म्हणजे समतोल स्थिरांक, पुस्तकातला ‘के’.

‘के’ काय सांगतो आणि काय सांगत नाही

खऱ्या अभिक्रियेत हौदाऐवजी पदार्थांची संहती येते, म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल आहेत ते. पाठ्यपुस्तकांत वारंवार येणारं उदाहरण हायड्रोजन आणि आयोडीनचं. हायड्रोजनचा एक रेणू आणि आयोडीनचा एक रेणू मिळून हायड्रोजन आयोडाईडचे दोन रेणू होतात, आणि ते परत मोडतातही. इथे ‘के’ असा काढतात:

के = (हायड्रोजन आयोडाईडची संहती)² ÷ (हायड्रोजनची संहती × आयोडीनची संहती)

वर्ग का? कारण समीकरणात त्याचे दोन रेणू आहेत. साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास हा ‘के’ ५० च्या जवळ असतो. गणित सोपं व्हावं म्हणून ४९ धरू. एक लिटरच्या बंद भांड्यात हायड्रोजन १ मोल आणि आयोडीन १ मोल टाकले. समतोलापर्यंत प्रत्येकी क्ष मोल खर्ची पडले, तर उरले (१ − क्ष) आणि तयार झाले २क्ष.

(२क्ष)² ÷ (१ − क्ष)² = ४९

दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घेतलं की २क्ष ÷ (१ − क्ष) = ७. म्हणजे ९क्ष = ७, आणि क्ष साधारण ०.७८. शेवटी भांड्यात हायड्रोजन आयोडाईड १.५६ मोल, हायड्रोजन ०.२२ मोल आणि आयोडीन ०.२२ मोल. निम्मे-निम्मे कुठेच नाही. आता याच भांड्यात आधी काहीच न टाकता फक्त २ मोल हायड्रोजन आयोडाईड टाकून हिशेब केला, तरी शेवटी हेच तीन आकडे येतात. परीक्षेच्या आधी हा दुसरा हिशेब प्रत्येकाने एकदा वहीत करून बघावा.

‘के’ मोठा असेल तर समतोल उजवीकडे झुकलेला, म्हणजे उत्पादितं जास्त. लहान असेल तर डावीकडे. पण समतोल किती लवकर येईल, हे ‘के’ सांगत नाही. हौदांच्या उदाहरणात २० आणि ५ टक्क्यांऐवजी ४० आणि १० टक्के धरले, तरी गुणोत्तर ४ च राहतं, फक्त २०-८० चा मुक्काम निम्म्याहूनही कमी वेळात येतो. उत्प्रेरक नेमकं हेच करतो. तो दोन्ही दिशांचा वेग सारख्याच पटीने वाढवतो. त्यामुळे मुक्काम बदलत नाही, फक्त लवकर गाठला जातो. ‘उत्प्रेरकामुळे उत्पादन वाढतं’ हे विधान वेळेच्या हिशेबात बरोबर आणि समतोलाच्या हिशेबात चूक आहे. बहुपर्यायी प्रश्नात सापळा लावायचा तर तो हमखास इथेच लावतात.

भांडं बंद हवं

गोटी सोड्याची बाटली बंद असते तेव्हा पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साईड बाहेर पडत असतो आणि वरचा वायू पाण्यात विरघळत असतो. दोन्ही वेग सारखे, म्हणून बाटली आठवडाभर ठेवली तरी सोडा ताजा. वरच्या वायूचा दाब गोटीला काचेच्या तोंडाशी घट्ट धरून ठेवतो. गोटी आत ढकलली की वायू निसटतो. आता बाहेर पडणारा वायू आहे, पण परत विरघळायला वर पुरेसा वायूच उरला नाही. एकाच दिशेची वाहतूक सुरू राहते आणि थोड्या वेळात सोडा मिळमिळीत होतो.

चुन्याची भट्टी याच तत्त्वाचा फायदा घेते. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास तापवली की तिचा कळीचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साईड निघतो. भट्टी पूर्ण बंद केली तर हा वायू आत साचेल, चुन्याशी परत संयोग पावेल आणि काम अर्ध्यावर अडकेल. म्हणून भट्टीला वरून वाट ठेवतात. वायू निघून गेला की उलटा बाण उपाशी राहतो आणि सगळी चुनखडी चुना होऊन जाते. गंमत म्हणजे हाच चुना विझवून भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साईड हळूहळू परत घेतो आणि भिंतीवर पुन्हा चुनखडीचाच कडक पापुद्रा तयार होतो.

समतोल बिघडवला तर?

१८८४ मध्ये ऑन्री ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक नियम मांडला. समतोलात असलेल्या व्यवस्थेवर बाहेरून बदल लादला, तर समतोल असा सरकतो की त्या बदलाचा परिणाम काही अंशी कमी व्हावा. यातले ‘काही अंशी’ हे शब्द मुलं सोडून देतात आणि नेमकी तिथेच चूक होते.

परत हौदांकडे जाऊ. समतोल २० आणि ८० वर आहे. आता अ मध्ये २५ लिटर पाणी वरून ओतलं. अ झाला ४५. त्यामुळे अ कडून जाणारं पाणी ४ ऐवजी ९ लिटर झालं, परत येणारं मात्र अजून ४ च आहे. पाणी ब कडे सरकू लागतं. नवा समतोल कुठे? एकूण पाणी १२५ लिटर, प्रमाण तेच १ ला ४, म्हणजे अ २५ आणि ब १००. अ ४५ वरून २५ वर आला, पण मूळच्या २० वर परतला नाही. भर पडली त्यातली बरीचशी पचवली गेली, सगळी नाही. आणि ‘के’ तसाच राहिला.

अकरावीच्या प्रात्यक्षिकात हेच रंगाने दिसतं. फेरिक क्लोराईडच्या फिकट पिवळ्या द्रावणात पोटॅशिअम थायोसायनेटचं रंगहीन द्रावण घातलं की रक्तासारखा लाल रंग येतो. त्यात आणखी थोडं फेरिक क्लोराईड घातलं की लाल रंग गडद होतो. म्हणजे आधीच्या मिश्रणात थायोसायनेट शिल्लक होतं, अभिक्रिया पूर्ण होऊन संपलेली नव्हती, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा. याउलट ऑक्झॅलिक आम्ल घातलं तर ते फेरिक आयनांना धरून ठेवतं, उलटा बाण जोर धरतो आणि लाल रंग फिका पडतो.

दाबाचा नियम फक्त वायूंना आणि तोही दोन्ही बाजूंच्या वायुरेणूंची संख्या वेगळी असेल तरच लागतो. दाब वाढवला की समतोल कमी रेणूंच्या बाजूला सरकतो. तपकिरी नायट्रोजन डायऑक्साईडचे दोन रेणू जोडून रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साईडचा एक रेणू होतो. हा वायू सिरिंजमध्ये दाबला तर तपकिरी रंग आधी एकदम गडद होतो, कारण तेवढेच रेणू कमी जागेत कोंबले गेले. मग काही क्षणांत तो थोडा फिका पडतो, कारण समतोल जोडरेणूच्या बाजूला सरकला. तरीही तो मूळ रंगापेक्षा गडदच राहतो. इथेही ‘काही अंशी’च.

तापमानाची गोष्ट निराळी आहे. वरच्या सगळ्या बदलांत ‘के’ जागचा हलला नव्हता, तापमानाने तो हलतो. तापमान वाढलं की पुढची आणि मागची, दोन्ही अभिक्रिया जोरात होतात, पण सारख्या पटीने नाही. उष्मा शोषणाऱ्या दिशेचा वेग जास्त पटीने वाढतो. हौदांच्या भाषेत सांगायचं तर २० चे ३० टक्के झाले, पण ५ चे थेट १५ टक्के. गुणोत्तर ४ वरून २ वर आलं आणि नवा मुक्काम साधारण ३३ आणि ६७. नायट्रोजन डायऑक्साईडची बंद नळी गरम पाण्यात ठेवली की गडद तपकिरी आणि बर्फात ठेवली की फिकी होते, त्याचं कारण हेच.

युरियाच्या गोणीमागचा समतोल

बेळगाव असो की कोल्हापूर, उसाला युरिया लागतोच. ४५ किलोच्या गोणीतल्या युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो आणि तो हवेतून आलेला असतो. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा आधी अमोनिया होतो, त्यातून पुढे युरिया. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन, अशा चार रेणूंतून अमोनियाचे दोन रेणू बनतात आणि उष्णता बाहेर पडते.

नियम लावून बघा. चारातून दोन रेणू होतात, म्हणजे दाब जास्त हवा. अभिक्रिया उष्मादायी, म्हणजे तापमान कमी हवं. पण तापमान फार कमी ठेवलं तर नायट्रोजनचे रेणू जागचे हलत नाहीत. समतोल फायद्याचा, पण तिथे पोचायला वेळच पुरत नाही. तापमान वाढवावं तर वेग येतो आणि समतोल हातचा जातो. २०० वातावरण इतक्या दाबाखाली ४०० अंशांना समतोलात अमोनियाचा हिस्सा एक तृतीयांशाहून थोडा जास्त असतो, ५०० अंशांना तो पाचव्या हिश्श्याच्याही खाली येतो.

या पेचातून वाट काढणं सोपं नव्हतं. समतोलाचा नियम मांडणाऱ्या ल शातेलिए यांनी स्वतः १९०१ च्या सुमारास दाबाखाली अमोनिया बनवण्याचा प्रयत्न केला, पण उपकरणात स्फोट झाल्यावर त्यांनी तो सोडून दिला. १९०९ मध्ये जर्मनीच्या फ्रिट्झ हाबर यांनी तो साधला आणि कार्ल बॉश यांनी १९१३ पर्यंत त्याचा कारखाना उभा केला. तोडगा असा निघाला: दाब भरपूर, तापमान साधारण ४५० अंश आणि सोबत लोखंडाचा उत्प्रेरक. वायू एकदा उत्प्रेरकावरून गेले की जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास अमोनिया बनतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन-हायड्रोजन परत फिरवतात. अमोनिया काढून घेतला की उलटा बाण कमजोर पडतो, चुन्याच्या भट्टीसारखाच. असं फिरवत राहिलं की शेवटी जवळजवळ सगळा कच्चा माल कामी येतो. गोव्यातलं झुआरीनगर, वडोदऱ्याचं फर्टिलायझरनगर, रायगड जिल्ह्यातलं थळ इथले खत कारखाने याच तत्त्वावर उभे राहिले.

बंद बाथरूममधला समतोल

हे प्रकरण फक्त मार्कांपुरतं नाही, हे दाखवणारं उदाहरण घराघरांत आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरतं आणि सोडतं, तीही व्युत्क्रमी अभिक्रियाच. फुप्फुसात ऑक्सिजन भरपूर, तिथे समतोल धरण्याच्या बाजूला असतो. पेशींजवळ ऑक्सिजन कमी, तिथे सोडण्याच्या बाजूला. श्वासाचं सगळं काम या सरकण्यावर चालतं.

बंद बाथरूममधला गॅस गिझर, थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, यांच्या अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. साधारण २१० पट धरून हिशेब करू. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि कार्बन मोनॉक्साईड फक्त ०.१ टक्का, म्हणजे हजारात एक भाग. दोन्ही वायूंचं प्रमाण २१० ला १, पण ओढ १ ला २१०. दोन्ही जमेस धरले की पारडं बरोबरीत येतं. अशा हवेत माणूस बराच वेळ राहिला तर समतोलापर्यंत निम्मं हिमोग्लोबिन ऑक्सिजनच्या कामातून बाद झालेलं असतं. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि दार उघडायला उठायच्या आत शुद्ध हरपते.

उपचारही ल शातेलिएच्या नियमातूनच येतो. ही ओढ घट्ट असली तरी बाण दोन आहेत. ऑक्सिजन वाढवला की समतोल परत सरकतो आणि कार्बन मोनॉक्साईड सुटू लागतो. साध्या हवेत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण एक ते दीड तास. म्हणून अशा माणसाला आधी मोकळ्या हवेत आणायचं, गिझर किंवा शेगडी बंद करायची, १०८ ला फोन लावायचा आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. ते या दोन वायूंतला फरक ओळखत नाही आणि आकडा ठीक दाखवू शकतं. आणि गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, हवा खेळेल अशा जागी बसवणं हा सगळ्यात साधा उपाय आहे.

पेपर सोडवताना

नीट, जेईई, सीईटी किंवा बोर्डाचा पेपर, कुठलाही असो, समतोलाच्या प्रश्नावर पेन टेकवण्याआधी एवढं तपासावं:

- भांडं बंद आहे का? उघड्या भांड्यातून वायू निघून जात असेल तर समतोल येणारच नाही.
- बदल कशात केला आहे? संहती, दाब किंवा उत्प्रेरक बदलला तर ‘के’ तोच. तापमान बदललं तरच ‘के’ बदलतो.
- दोन्ही बाजूंचे वायुरेणू मोजले का? हायड्रोजन-आयोडीनसारखी दोन्हीकडे सारखी संख्या असेल तर दाबाने समतोल सरकत नाही.
- शुद्ध घन पदार्थ ‘के’ मध्ये घेतला तर नाही ना? बंद भांड्यात चुनखडी एक चमचा असो की दोन, तिच्यावरचा कार्बन डायऑक्साईडचा दाब तेवढाच राहतो.
- आकारमान तेच ठेवून आर्गॉनसारखा अलिप्त वायू भरला आहे का? एकूण दाब वाढतो, पण अभिक्रियेतल्या वायूंची संहती बदलत नाही, म्हणून समतोलही हलत नाही.
- उत्तरात ‘अभिक्रिया थांबते’ किंवा ‘संहती सारख्या होतात’ असं लिहिलं गेलं का? ते खोडून ‘दोन्ही दिशांचे वेग सारखे होतात आणि संहती स्थिर राहतात’ असं लिहावं.

पुस्तक इंग्रजी असो, हिंदी असो की मराठी, शेवटचं वाक्य तिन्हींत एकच आहे. प्रकरण वाचायला बसण्याआधी दोन हौदांचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. सुरुवातीचे आकडे बदलून, टक्के बदलून, मधेच पाणी ओतून बघावं. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, पण पुढच्या वर्षी आम्ल, आम्लारी आणि द्राव्यतेची गणितं समोर येतील तेव्हा दोन बाण बघून कोणी बिचकणार नाही.